नाणेघाटातून आम्ही परत फिरलो, ते बरंच झालं

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही अठरा जणी नाणेघाटाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलो. वस्तीत पोहोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोहोचली होती. नळावर, किराणा दुकानात, विहारातसुद्धा तेच. "काय गं, जमलं नाही ना? म्हटलं होतं, हे आपलं काम नाही." आमच्यातल्या दोन-तीन जणींना ते इतकं लागलं की पुढच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं. त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगतो, आणि परत फिरलो त्याची लाज का वाटत नाही तेही.

आधी ही वाट कोणती ते सांगायला हवं. सोपारा आणि कल्याण ही दोन हजार वर्षांपूर्वीची बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटावर जायचा. मुरबाडच्या पुढे डोंगर आडवा येतो, त्यातून नाणेघाट चढून जुन्नर, आणि तिथून पुढे पैठणपर्यंत. सातवाहनांच्या काळातली ही मोठी व्यापारी वाट. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, ती याच वाटेच्या भरवशावर उभी राहिली. कान्हेरीच्या लेण्यांमधले लेख वाचणारे सांगतात, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, बायकांनीसुद्धा, भिक्खूंसाठी खोल्या खोदून दिल्या, पाण्याच्या टाक्या खोदून दिल्या. त्या टाकीला लेखात "पोढी" म्हणतात. पाण्याचं दान लिहून ठेवण्याइतकं मोठं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तर ही वाट आम्ही तुकड्यातुकड्यांनी चालतोय. आमच्यातल्या बहुतेकींना शुगर आहे किंवा बीपी आहे, काहींना दोन्ही. दवाखान्यात गेलं की डॉक्टर म्हणतात "चाला". कुठे चालायचं ते कुणी सांगत नाही. वस्तीच्या बोळात चाललं तर गटार, गाड्या आणि लोकांच्या नजरा. बागेत जायला रिक्षाचे पैसे. मग ठरवलं, महिन्यातला एक रविवार काढायचा, पहाटे निघायचं, आठ-दहा किलोमीटर चालायचं, थांबलो तिथून एसटीने घरी. पुढच्या वेळी एसटीने त्याच जागी उतरायचं आणि तिथून पुढे. शहाड, म्हारळ, वरप, कांबा, मग उल्हास नदीवरचा रायत्याचा पूल, गोवेली, मुरबाड, टोकावडे. डांबरी रस्ताच आहे बहुतेक, त्यात पाहण्यासारखं फार नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकीमागे एक. गेल्या थंडीत आम्ही वैशाखऱ्यापर्यंत आलो. उन्हाळा आणि पावसाळा थांबलो. ऑक्टोबरात पुन्हा सुरुवात केली ती थेट घाटाच्या पायथ्यापासून.

आमच्या गटातली एक मुलगी कॉलेजात शिकते. तिने मोबाइलवर वाचून सांगितलं की अमेरिकेत असं चालणाऱ्यांना वेगळं नाव आहे, सेक्शन हायकर. तिकडे अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे, 14 राज्यांतून जाणारी, साधारण 3,500 किलोमीटर. काही लोक ती एका दमात पाच-सहा महिन्यांत चालतात. ज्यांना नोकरी आहे, घर आहे, ते दरवर्षी थोडी थोडी चालतात. कुणाला दहा वर्षं लागतात, कुणाला वीस. वाट पूर्ण झाली की दोघांचंही नाव त्याच मानाने घेतलं जातं. याच वाटेवर एम्मा गेटवूड नावाची बाई चालली. शेतकरी घरातली, अकरा मुलांची आई, नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून शेवटी त्याच्यापासून सुटलेली. 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ती एकटीने ती सगळी वाट चालली. पण आमच्या मावश्यांना जास्त आवडलं ते दुसरंच. आदल्या वर्षी, 1954 मध्ये, ती निघाली होती तेव्हा रस्ता चुकली, चष्मा फुटला, आणि तिला घरी परतावं लागलं. नंतर तिसऱ्यांदा ती वाट तिने तुकड्यातुकड्यांनी चालून 1964 साली पुरी केली. "म्हणजे ती पण परत फिरली होती," असं एक मावशी म्हणाल्या. हे बोलणं ऑक्टोबरच्या आधीचं. तेव्हा हसण्यावारी गेलं.

आता तो रविवार. पहिली एसटी आलीच नाही. दुसरी आली ती भरून. पायथ्याशी उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. इथेच पहिली चूक झाली. नाणेघाटाची चढण कोकणाकडून आहे, म्हणजे डोंगराच्या पश्चिम अंगाने. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो, त्यामुळे लवकर गेलं तर निम्मी चढण सावलीत होते. उशीर झाला की सूर्य डोक्यावर येतो आणि दुपारनंतर सरळ अंगावर. सात वाजता चढायला लागलो असतो तर ही कहाणी वेगळी असती.

ऑक्टोबरची हीट म्हणतो आपण, पण तिला उन्हाळ्याइतकी गांभीर्याने घेत नाही. पाऊस गेलेला असतो, आभाळ स्वच्छ, डोंगर हिरवागार, गवत कमरेएवढं. बघून वाटतं, काय छान हवा. पारा पस्तिशीच्या आसपास असतो, मे महिन्यापेक्षा कमीच. पण जमिनीत आणि हवेत ओल भरलेली असते. घाम येतो आणि वाळत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने, नुसता घाम आल्याने नाही. त्यामुळे आपण भिजत राहतो, पाणी आणि मीठ गमावत राहतो, आणि आतली उष्णता तशीच. वर चार महिने पावसाळ्यात घरात बसलेलं शरीर, त्याला उन्हाची सवय मोडलेली. सवय परत यायला एक-दोन आठवडे लागतात. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा हे शिकलो, वॉर्डात वर्षानुवर्षं बघितलं, आणि तरी त्या दिवशी अठरा जणींना घेऊन दहा वाजता चढायला लागलो. दोष कुणाला द्यायचा?

ओढा ओलांडून झाडीत शिरलो तोपर्यंत सगळ्या गप्पा मारत होत्या. तासाभराने आवाज बंद झाले. चढावर आवाज बंद होणं साहजिक आहे, पण आमच्यातल्या एक मावशी, वय 52, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, कामाला एरवी कुणाला न ऐकणाऱ्या, त्या एकदम मागे पडल्या. दगडावर बसल्या. विचारलं तर "काही नाही, चला तुम्ही." हात धरला तर हात गार आणि ओला. बोटं थरथरत होती. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाल्या, मळमळतं म्हणाल्या. बोलणं मात्र नीट होतं, नाव-गाव बरोबर सांगत होत्या. आमच्या पिशवीत ग्लुकोमीटर असतो. साखर आली 62. सत्तरच्या खाली आली की तातडीने गोड द्यायचं. चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली, सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच, पदर ओला करून मानेला आणि कपाळाला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, 94. मग थोडे शेंगदाणे, भाकरी, आणि ओआरएस.

मग विचारपूस केली. सकाळी चारला उठून शुगरची गोळी घेतली होती. खाल्लं काय? एक कप चहा. पाणी किती प्यायलं? मावशी गप्प. पुन्हा विचारलं. "एसटीत कुठे जाणार होते मी? म्हणून नाही प्यायले."

आणि मग बाकीच्या बोलायला लागल्या. अठरा जणींपैकी अकरा जणींनी पहाटेपासून दोन घोटांच्या वर पाणी घेतलं नव्हतं. बाटल्या सगळ्यांच्या पिशवीत भरलेल्या. कारण एकच. वाटेतल्या स्टँडवरच्या संडासाला कुलूप होतं, पायथ्याला सोय नाही, आणि वाटेवर पुरुषांचे ट्रेकिंगचे गट मागे-पुढे. हे आम्हाला आधी विचारायला हवं होतं. नर्स म्हणून हा प्रश्न पेशंटला रोज विचारणारे आम्ही, आपल्याच बायकांना विचारला नाही.

त्यात नवल मात्र काही वाटलं नाही. दवाखान्यात बारा तासांची ड्युटी करताना आम्हीही हेच केलंय. वॉर्डातलं संडास पेशंटचं, स्टाफचं दोन मजले खाली, आणि वॉर्ड सोडून जायला परवानगी नाही. मग पाणीच नको. वस्तीतल्या बायका वर्षाचे 365 दिवस हेच करतात. सार्वजनिक संडासाचं दार तुटलेलं, दिवा नाही, बाहेर टवाळ पोरं. मग दुपारपासून पाणी कमी करायचं, रात्री अंधार पडल्यावर दोघी-तिघींनी मिळून जायचं. याचं पुढे काय होतं ते ओपीडीच्या लायनीत दिसतं. लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं, मूतखडा. गरोदर बाईला हाच संसर्ग झाला तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. शुगर असलेल्या बाईला तो वरचेवर होतो आणि लवकर हटत नाही. गोळ्या देऊन घरी पाठवतात, "भरपूर पाणी प्या" सांगतात. भरपूर पाणी पिऊन ती कुठे जाणार, हे कागदावर लिहायला जागा नसते. महाडला पाण्यासाठी चालत गेलेल्यांची आपण लेकरं, आणि आपल्या आया-बहिणी पाण्याची बाटली जवळ असून पीत नाहीत.

वर जायचं की खाली, यावर तिथेच वाद झाला. पोरींना वर जायचं होतं. वर लेणं आहे, नागणिकेचा लेख आहे, दगडी रांजण आहे, इतकं येऊन बघायचं नाही का? दोघी म्हणाल्या, मावशींजवळ एक जण थांबा, बाकीचे जाऊन येतो. मावशी स्वतः म्हणाल्या, "माझ्यामुळे कुणी थांबू नका." हे वाक्य आपल्या बायका जन्मभर म्हणत आल्यात. आम्ही नाही ऐकलं. सव्वाअकरा झाले होते. वर आणखी किमान तासभर चढ, तोही उन्हात, आणि अकरा जणींच्या पोटात पाणी नाही. मावशींना आधी झालं, पुढची कोण ते माहीत नव्हतं. सगळ्या खाली. झाडीत तासभर बसलो, प्रत्येकीने पाणी प्यायलं, लुगडी-ओढण्या धरून आडोसा केला, आणि मग हळूहळू उतरलो.

यालाच वस्तीत "हरून आल्या" म्हटलं गेलं.

आमचं मत स्पष्ट आहे. लांबची वाट तुकड्यांनी चालण्याचा मोठा फायदा हाच की वाट तिथेच राहते. ज्याला एका दमात पोहोचायचं असतं त्याला परत फिरणं जड जातं. सुट्टी संपलेली, पैसे गेलेले, लोकांना सांगून ठेवलेलं. त्या हट्टापायी माणसं चक्कर येत असताना चढतात. आपल्याला तशी घाई नाही. पुढच्या महिन्यात त्याच दगडापासून सुरू करू. थकल्यावर बसणं आणि पाणी मागणं यात कमीपणा कसला? महापरिनिब्बान सुत्त विहारात वर्षावासात वाचलं जातं. ऐंशी वर्षांचे तथागत पावाहून कुसिनाऱ्याला चालत निघाले, प्रकृती बिघडलेली, वाटेत झाडाखाली थांबले, आनंदला चीवराची चौपदरी घडी घालायला सांगितली आणि पाणी मागितलं. आनंद म्हणाला, ओढ्यातून नुकत्याच गाड्या गेल्यात, पाणी गढूळ आहे, पुढे नदी आहे. त्यांनी पुन्हा मागितलं. तीनदा मागितलं. आपण पाठ करतो, पण मागच्या बाईला तहान लागली तर तिने एकदा तरी मागावं असं वातावरण आपण तयार करतो का?

वर्षावासही याच दिवसांत, आश्विन पौर्णिमेला संपतो आणि भिक्खू पुन्हा चारिकेला निघतात. म्हणजे या ऋतूत चालणं आपल्याला नवं नाही. फक्त त्या वेळी वाटेवर पोढ्या होत्या. आज घाटाच्या पायथ्याला नळ नाही, बायकांसाठी संडास नाही. गडकिल्ल्यांवर, लेण्यांवर रविवारी शेकडो माणसं जातात. तिकीटखिडकी आधी होते, कमान होते, पाटी होते. मुंबईत 2011 पासून बायकांनी "राइट टू पी" म्हणून चळवळ चालवली, कारण मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे. तो लढा शहरापुरता राहू नये. आमच्या गटाने ग्रामपंचायतीला आणि एसटी आगाराला अर्ज दिले आहेत, स्टँडचं कुलूप रविवारी पहाटे उघडा आणि पायथ्याला सोय करा म्हणून. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. तुमच्या भागात अशी वाट असेल, लेणं असेल, तर तुम्हीही अर्ज द्या, पोच घ्या.

तोवर आपण काय करायचं? आम्ही आता आडोशासाठी दोन जुन्या चादरी आणि दोरी बरोबर नेतो. ऐकायला साधं वाटेल, पण त्या दिवसापासून बाटल्या रिकाम्या होऊन परत येतात. निघण्याआधी प्रत्येकीला तोंडावर विचारतो, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, पाणी किती. शुगरची गोळी घेऊन उपाशी चालायचं नाही. खिशात साखर किंवा गूळ हवाच. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर उन्हातल्या चालण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने बंद करायची नाही. चार तास घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं तरी थकवा जात नाही, मीठही लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं टाकून उरलेलं जपून ठेवायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे उशीर झालाय असं समजा. रिकामी चप्पल नको, कापडी बूट आणि मोजे चालतील, घरी आल्यावर तळवे उजेडात बघा. शुगरमध्ये पायाला फोड आला तरी कळत नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, चालणारे असोत नाहीतर नाक्यावर, बांधकामावर, उन्हात काम करणारे. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गोळे येणं, गार ओलं अंग, इथपर्यंत सावली, पाणी आणि विश्रांतीने माणूस सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झटके आले, अंग तापून भट्टी झालं, तर तो उष्माघात. मग घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही. 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत ओले कपडे किंवा बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ठसका लागून जीव जाऊ शकतो. कांदा हुंगवत, चप्पल हुंगवत बसलेले लोक आम्ही अजून बघतो. त्या दहा मिनिटांत मेंदूचं नुकसान होतं.

नोव्हेंबरात आम्ही परत गेलो. सोळा जणी. आदल्या रात्री मुरबाडला एकीच्या नणंदेकडे मुक्काम केला, त्यामुळे पावणेसातला पायथ्याला होतो. मावशी होत्या. थालीपीठ खाऊन आल्या होत्या आणि आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं. ज्या दगडावर त्या बसल्या होत्या तिथे थांबून सगळ्यांनी पाणी प्यायलं. साडेनऊला वर. लेण्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मीतला लेख, यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांची लांबलचक यादी. पोरी म्हणाल्या, एवढं दान केलं, वाट खोदणाऱ्यांचं नाव कुठे नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या म्हणे, आता त्यांची नावं आणि फक्त पावलं उरलीत. बाहेर कातळात पाण्याची टाकी आहेत, अजून भरलेली. ते पाणी आम्ही तसंच प्यायलो नाही, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवलं.

आता पुढचा तुकडा घाटघर ते जुन्नरकडचा, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सुरू करू. मागच्या वेळी रागावून घरी बसलेल्या दोघींना मावशी स्वतः बोलवायला गेल्या होत्या. एक येते म्हणाली. दुसरीला मुलाची परीक्षा आहे, ती फेब्रुवारीत येईल.